आडवं चाक

दहिवडीच्या बाहेर, बिरदेवच्या गॅरेजपुढं ट्रकचा एक जुना टायर आडवा पडलेला असतो. ती माझी, धुळाआबाची, खुर्ची. सकाळी नऊला बसतो, जेवणापर्यंत उठत नाही. घरी बोलायला नुसत्या भिंती, आणि भिंतींना माझ्या सगळ्या गोष्टी पाठ झाल्यात.

गोष्टी म्हणजे थापाच. पंचाहत्तरी गाठल्यावर कबूल करायला काय हरकत? मिलिटरीत मी कधी नव्हतो. भावकीतला जोतिबा होता. तो सुट्टीवर येऊन दोन वाक्यांत सांगायचा ते मी दोन तास सांगतो, एवढाच माझा गुन्हा. मी आयुष्यभर वडापची, म्हणजे शिटं भरायची, जीप चालवली, दहिवडी ते म्हसवड. त्या रस्त्यावर बर्फ पडत नाही. मी पाडतो.

त्या बुधवारी मोबाइलवर व्हिडिओ चालला होता. कुठल्या तरी देशातला गडी लाल गाडी आडवी करून गोल गोल फिरवत होता. ह्याला ड्रिफ्ट म्हणतात म्हणे. टायरांचा धूर नुसता. मोबाइल होता वीरधवलच्या हातात. हा सांगलीचा. ट्रॅक्टरचे पार्ट पोचवायला दर बुधवारी येतो आणि पार्ट उतरवायच्या आधी व्हिडिओ दाखवतो.

"हँडब्रेक वढलाय त्यानं," बिरदेव म्हणाला. "मागची चाकं जाम केली की शेपूट आपसूक फिरतं."

"हँडब्रेकनं एकदा फिरंल गड्या. ह्यो कितीदा फिरतोय बघ की. क्लच मारलाय. दाबायचा, रेस द्यायची, आन् फटकन सोडायचा. मागच्या चाकाला झटका बसतो," वीरधवल म्हणाला.

"मग मार की तुझ्या गाडीत."

"मारणारच हाय."

"काय मारतोस?" गाडीखालून आवाज आला. ही प्रांजल, बिरदेवची धाकटी बहीण. आयटीआय करून भावाच्या गॅरेजात लागलेली, आणि खरं सांगायचं तर भावापेक्षा तिचा हात चांगला. "तुझी गाडी वढतीया पुढच्या चाकांवर. क्लच मारलास तर मागच्या चाकाला पत्तासुद्धा लागायचा न्हाई. आन् शेपूट उजवीकडं गेलं की स्टिअरिंग बी उजवीकडंच मारावं लागतं. तू घाबरून डावीकडं मारशील आन् थेट आमच्याच दारात टोचनावर, दोर बांधून, येशील."

बिरदेव एवढा हसला की हातातला पाना पडला. मी टायरावर सरसावून बसलो. असा मोका सोडत नसतो.

"काश्मीरात बर्फावर मी तीन टनाचा ट्रक असा फिरवलाय," मी म्हणालो, "की पुढच्या काचेतनं मला माझीच मागची नंबरप्लेट वाचता आली."

"आबा, नंबर काय हुता?" वीरधवलनं विचारलं.

"वाचला, पण मिलिटरीचा असतो रं. सांगायचा नसतो."

हसले. बरं वाटलं. आणि त्या बऱ्या वाटण्याच्या भरात माझ्या तोंडून एक खरी गोष्ट सुटली.

"पण ह्यो गडी उगं टायर जाळतोय. आडवं चाक कशाला असतं ठावं हाय का? सरळ चाक नुसतं दाबतं. आडवं चाक चोळतं. आमी हुलगा तसाच मळायचो. खळ्यावर वेल पसरायचं, आन् जीप अशी आडवी घसरत गोल फिरवायची. दाणं सुटलं की चाकाखाली छऱ्यासारखं पळत्यात, मग हँडब्रेक नको का क्लच नको. मधी रंगुबाई उभी असायची दाताळं घेऊन. तिच्यापासनं चार हातावर जीपचं शेपूट फिरायचं. सव्वीस वरसं."

"म्हंजी आजी मधी, आन् आबा भोवतीनं ड्रिफ्ट मारत्यात!" वीरधवलनं मांडीवर थाप मारली. "आबा, नंबरप्लेट परवडली."

हसणं तेच होतं, काश्मीरवालं. पण या वेळी ते गोड लागलं नाही. थापेला हसतात ते माझं पीक. मीच पेरतो, मीच काढतो. माझी बायको रंगुबाई मात्र थाप नव्हती. तिला जाऊन चार वर्षं झाली. पोरगा मुंबईत, खळं विसरलेला. ती खळ्यात अशी उभी असायची हे माहीत असलेला माणूस आता मी एकटा, आणि माझ्यावर तर कुणाचाच विश्वास नाही. मी मेलो की ती त्या खळ्यात कधी उभीच नव्हती असं होऊन जाईल.

"रविवारी या खळ्यावर," मी म्हणालो. "दावतो."

आवाजात काय होतं कुणास ठाऊक. कुणी हसलं नाही.

तीन दिवस मी खळं केलं. शेण आणलं, सारवलं, कंबर धरली, पुन्हा सारवलं. अर्ध्या एकरातला हुलगा वाळलेला होताच, तो पसरला. शनिवारी दारातल्या जुन्या जीपला धक्का द्यायला शेजारी नव्यानं राहायला आलेला कोंडीबा आला. "कशाला रं ह्या वयात?" म्हणाला. त्याला सांगितलं, कलेक्टर बघायला येणार आहे.

रविवारी सकाळी तिघं आले. वीरधवल सांगलीहून खास आलेला, मोबाइल उभा धरून. मी जीपमध्ये चढलो, दुसरा गिअर टाकला आणि खळ्यावर घेतली. पहिला फेरा सरळ. दुसऱ्याला रेस दिली, शेपूट सुटलं, आणि जीप नाक खाली घालून थेट कुंपणाच्या घायपातात.

"टायर गुळगुळीत झाल्यात," मी म्हणालो.

पुन्हा घेतली. या वेळी दुसऱ्या बाजूला, गंजीत.

"हुलगा जरा वलसर हाय."

बिरदेव पायाकडं बघत होता. वीरधवलनं मोबाइल खाली केला. हसला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आबा. मानतो आमी." आणि त्या मानण्यात दया होती, विश्वास नव्हता.

प्रांजल जीपपाशी आली. "आबा, तुमी बघताय कुठं?"

"म्हंजी?"

"गाडी आडवी झाली की जिकडं बघू तिकडं जाती. तुमी मधी बघताय आन् मधी काय न्हाईच. मग नजर भिरभिरती. मी हुबी ऱ्हाते मधी."

"न्हाई," मी म्हणालो. "दुसऱ्याची लेक. माझं हात आता पैलंसारखं ऱ्हायलं न्हाईत."

तिनं दाताळं उचलून माझ्यापुढं धरलं. मग म्हणाली, "बरं. मग तुमी हुबं ऱ्हावा. मी चालवते."

आता आली का पंचाईत! सव्वीस वर्षं बायकोला जिथं उभं केलं तिथं उभं राहायला मी भितो असं कसं म्हणू? उतरलो. दाताळं घेतलं. खळ्याच्या मधोमध, जिथं बैल होते तेव्हा त्यांना बांधायचा तिवड्याचा खांब रोवलेला असायचा, तिथं जाऊन उभा राहिलो.

प्रांजलनं जीप फिरवली. एक फेरा, दोन. तिसऱ्याला दाणे सुटले आणि शेपूट आडवं आलं. आरारा! आतून चालवताना ते चार हात लांब वाटायचं. मधून बघितलं तर अख्खी जीप अंगावर येतेय असं वाटतं. धूळ, डिझेलचा वास, आणि ते मागचं चाक वेल चोळत, दाणे उडवत पुढ्यातून जातंय. पोरीची नजर माझ्यावर, स्टिअरिंग उलटं, जीप अगदी ताब्यात.

पण खळं उताराचं आहे. प्रत्येक फेऱ्याला जीप थोडी कुंपणाकडं सरकत होती. पोरीला ते कळत नव्हतं. आतून कळतच नाही. मला मधून दिसलं. मी नकळत अर्धं पाऊल चढाकडं सरकलो. तिची नजर माझ्याबरोबर सरकली, आणि नजरेमागून जीप. पुढच्या फेऱ्याला पुन्हा अर्धं पाऊल. वळत, सरकत, दाताळ्यानं वेल उलटत. जीप परत खळ्याच्या मधल्या फेऱ्यात.

मग कळलं. सव्वीस वर्षं जीप मी चालवली, वळवली तिनं. एका शब्दानं बोलली नाही. संध्याकाळी मी पारावर बसून माझ्या हाताची तारीफ सांगायचो, आणि ती घरात हुलग्याचं माडगं घाटत ऐकायची.

बारा फेरे झाल्यावर प्रांजल थांबली. बिरदेव शिट्ट्या मारत होता. वीरधवल धावत आला. "आबा! खरं हुतं की वं! सगळं शूट केलंय. क्लच न्हाई, हँडब्रेक न्हाई! नाव काय दिऊ? धुळाआबांचा ड्रिफ्ट!"

"दे की," मी म्हणालो.

वेल झाडून बाजूला केले, दाणे लोटले. खळं मोकळं झालं. मधोमध, सारवलेल्या जमिनीवर, पावलांनी घासून एक लहानसं वाटोळं उमटलं होतं. परातीएवढं.

ते वाटोळं मी ओळखलं. दर वर्षी मळणी झाली की तिथंच दिसायचं. मी दर वर्षी खेकसायचो, "आगं, तुझ्या कोंबड्यांनी खळं उकारलं बघ!" ती खाली बघून म्हणायची, "व्हय. कोंबड्याच असतील."

"आबा, ह्ये मधी काय झालंय वं?" वीरधवलनं विचारलं.

तिघंही माझ्याकडं बघत होते. आज काहीही सांगितलं असतं तरी पटलं असतं.

"काय न्हाई," मी म्हणालो. "कोंबड्यांनी उकारलंय."

"व्हय व्हय," बिरदेव म्हणाला, आणि तिघं जीपकडं वळले.

माझी एवढी लहान थाप कधी नव्हती, आणि एवढी चटकन कधी कुणी मानली नव्हती. सकाळपासून तिघंही माझ्याच खळ्यावर होते. माझ्याकडं चार वर्षांत एकही कोंबडी नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.