दसऱ्याचं तेल

मी मोटरसायकलचा कॅलिपर बोलतोय. नाव परकं वाटलं ना? पुढच्या चाकात लोखंडी थाळीसारखी डिस्क फिरते, तिला दोन्ही बाजूंनी दाबून थांबवतो, तो मी. पळणाऱ्याचं कौतुक सगळे करतात, थांबवणाऱ्याला कोण विचारतं? पण आज मी बढाई मारणार, आणि तुम्ही ऐकणार!

धावड्याच्या कौसल्याबाई शेजारणींच्या म्हशींचं दूध किटल्यांत भरून आमच्या जुन्या गाडीवरून पिंपळगाव रेणुकाईच्या डेअरीला नेतात. बाई मोटरसायकल चालवते म्हणून आधी गाव हसलं. मंग त्याच गावानं किटल्या आणून दिल्या.

चिखल-धूळ खाऊन खाऊन माझा आतला, दाब देणारा पिस्टन जाम झाल्ता. माझी जोडीदारीण डिस्क झिजून पातळ पडल्ती. मी कुरकुरायचो, पण कुणी लक्ष देईल तर शपथ! त्यात दसरा आला. बाईंचे मालक बद्रीनाथ यांनी गाडी धुतली, हार घातला आणि चकाकावी म्हणून डिस्कला खोबरेल तेल चोळलं. भक्ती खरी हो, पण माझा जीव गेला ना!

दुसऱ्या दिवशी उतारावर बाईंनी ब्रेक दाबला. मी धरायला गेलो, तर डिस्क ओल्या साबणासारखी निसटली. गाडी थेट तुरीच्या वावरात. बाईंचा गुडघा फुटला, दूध मातीत गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भंगारात घालतो हिला," बद्रीनाथ म्हणाले. "दूध बंद. तुझ्या जिवापेक्षा काय मोठं हाय?"

"दूध बंद म्हंजी मी बी घरात बंद," बाई कडाडल्या. "आधी फहीमभाईला दाखवा."

फहीमभाईनं गॅरेजात डिस्कवर बोट फिरवलं आणि कपाळावर हात मारला. "तेल कुणी लावलं?"

"मीच. ब्रेकमधी तेलच असतंय ना?"

"भाऊ, ते आत, नळीत! बाहेर एक थेंब बी न्हाई पाहिजे."

त्यानं डिस्कला चिमटीत धरणारे माझे तेल प्यायलेले पॅड फेकून नवे घातले. मला उघडून पिस्टन घासून साफ केला, नवी रबरं बसवली, नळीतली हवा काढली. डिस्क मात्र नवीच घालावी लागली. जुनी बाईंनी भंगारात न टाकता घरी नेली.

"पहिले काही दिवस ब्रेक हळूहळू दाबत जा, पॅड बराबर बसू द्या," फहीमभाईनं बजावलं. बाईंनी तसंच केलं.

मंग एका सकाळी तोच उतार आला. मागं बद्रीनाथ किटल्या सांभाळत, डोळे मिटून बसलेले. तेवढ्यात एक म्हैस रस्त्यात आडवी! बाईंनी ब्रेक दाबला आणि मी डिस्क अशी धरली म्हणता! गाडी जागच्या जागी उभी. दूध हिंदकळलं, सांडलं न्हाई. म्हैस रवंथ करत निघून गेली.

"घाला आता भंगारात!" बाई मोठ्यानं हसल्या.

"चुकलो बाई," बद्रीनाथ म्हणाले, आणि खाली उतरून चक्क माझ्या पाया पडले.

जुनी डिस्क आता बाईंच्या दारच्या लिंबाला टांगलीय. पहाटे बाई तिच्यावर पाना हाणतात, ठण्ण आवाज होतो, आणि गल्लीगल्लीतून बाया किटल्या घेऊन निघतात. तो आवाज ऐकला की माझी छाती फुगते.

तुमच्याही गाडीला दसऱ्याला हार घाला, कुंकू लावा. तेल मात्र तुमच्या डोक्यालाच लावा, बाबांनो!