न फुटलेला आवाज

स्टुडिओत तिला सगळे ‘पोरगा’ म्हणायचे. बाई पन्नाशीची, केस अर्धे पांढरे, गुडघे कुरकुरणारे, आणि हाक काय, तर पोरगा! चहावाल्यापासून मालकापर्यंत कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे. बिस्किटांच्या जाहिराती असोत की रेडिओवरच्या गोष्टी, जिथे म्हणून आठ-नऊ वर्षांचा मुलगा बोलला, तिथे तो हिच्याच गळ्यातून बोलला होता. खरी मुलं दोन वाक्यांत कंटाळतात आणि तिसऱ्याला त्यांना शू लागते. हिचा मुलगा कधी कंटाळला नाही, आणि कधी मोठाही झाला नाही.

तो मुलगा कोण, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तो तिचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांचा असताना तापाने गेला. इस्पितळात नेताना वडिलांच्या खांद्यावरून मागे वळून त्याने "येतो गं" म्हटलं होतं. आई गाडी बघायला पुढे धावली होती, आणि ही दारात खांबासारखी उभी होती. त्या गडबडीत त्याला ‘ये’ म्हणायचं राहूनच गेलं, आणि तो काही परत आला नाही.

माणूस नेलं तर नेलं, आवाज नेऊ देणार नाही, असा हट्ट तिने तेव्हापासून धरला होता. कधी कधी तो आवाज न बोलावताही येई. एकटीच भांडी घासत असली की तिच्या तोंडून "मला पण दे ना" असं निघून जाई, आणि अंगावर सर्रकन काटा येई. पण भीती वाटते म्हणून घरच्या माणसाला कुणी हाकलून देतं का?

यंदा काम आलं ते एका जाडजूड कादंबरीचं. तिचं ऐकण्याचं पुस्तक करायचं होतं. गोष्ट एका मुलाची, त्याच्याच तोंडून सांगितलेली. सुरुवातीला तो नऊ वर्षांचा, शेवटी अठराचा, घर सोडून निघालेला. दिग्दर्शिका तरुण, हुशार आणि जरा जास्तच मान डोलावणारी होती. सगळं पुस्तक एकाच आवाजात हवं, यावर ती अडून बसली होती.

"ताई, ऐकणाऱ्याच्या कानादेखत तो मोठा झाला पाहिजे," ती म्हणाली. "आणि नेमका कुठे झाला ते कळता कामा नये."

पहिले अध्याय झरझर गेले. मुलगा झाडावर चढला, खोटं बोलला, शेजारणीचं मांजर पिशवीत घालून गावभर फिरला. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस, पण तोही गालातल्या गालात हसला. मग मधल्या एका अध्यायात मुलाला मिसरूड फुटलं. त्याचा आवाज फुटला, असं पुस्तकात चक्क लिहिलेलंच होतं. तिने ते वाक्य नऊ वर्षांच्याच आवाजात वाचलं. पुढचं पानही तसंच वाचलं. मुलगा शाळा सोडून गॅरेजात लागला, सिगारेट ओढू लागला, बापाला उलट बोलू लागला, तरी आवाज आपला तोच.

दिग्दर्शिकेने ते सगळ्यांना ऐकवलं. भिंतींना गालिचे ठोकलेल्या त्या कोंदट खोलीत एक कोवळा, स्वच्छ आवाज म्हणाला, "बाबा, आता मला तुमची भीती वाटत नाही."

"राग मानू नका, ताई," दिग्दर्शिका हळूच म्हणाली. "हा मोठा होत नाहीये. मेलेलं पोर बोलतंय असं वाटतंय. शेवटचा अध्याय उद्या करून बघू. नाही जमलं, तर मिसरुडापासून पुढचं दुसऱ्या कुणाकडून घ्यावं लागेल."

म्हणजे तिच्या भावाला कुणीतरी परका मोठा करणार. आणि तिने स्वतःच केला, तर नऊ वर्षांचा तो जाणार कुठे? या वयात एकदा खाली उतरवलेला गळा पुन्हा वर चढेल, याची खात्री कोण देणार? घरी येईपर्यंत तिला स्वतःच्या पावलांचीही भीती वाटायला लागली.

घरी आई टेपरेकॉर्डरपाशी बसली होती. रोज दुपारी जेवण झालं की लेकीच्या जुन्या कॅसेट लावायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या, हा तिचा नेम. आई आपल्या मुलाला ऐकते, हे न सांगताही लेकीला ठाऊक होतं. या विषयावर दोघींनी जन्मभर मूग गिळले होते.

"आई, त्याला मोठा करा म्हणतायत."

"कुणाला?"

"धाकट्याला. त्याचाच आवाज ना हा. तुझ्यासाठीच तर जपला."

आईने टेप बंद केला. "त्याचा? त्याचा आवाज असा कुठे होता गं? तो जन्माचा घोगरा. तुझे बाबा म्हणायचे, पाळण्यात म्हातारा घातलाय."

"मग हा कुणाचा?"

"तुझा. अशीच चिवचिवायचीस. तो गेला आणि तुझी वाचाच बसली. पुन्हा बोललीस ती थोराड बाईसारखी. दूध आलं का, बाबांची गोळी कुठाय, असलंच सगळं. माझी तर दोन्ही लेकरं गेली तेव्हा. त्यातलं एक या डब्यात सापडतं, म्हणून ऐकते."

एवढी वर्षं भलत्याच पोराला पदराखाली घेऊन बसली होती ती. मोरीवर "मला पण दे ना" म्हणणारी तीच होती, आणि तिला कुणी काही दिलं नव्हतं. आणि भाऊ? त्याचा आवाज आठवायला गेली, तर काहीच आठवेना. नुसती शांतता. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडली, लहान मुलीसारखी.

दुसऱ्या दिवशी माईकसमोर बसल्यावर तिने आवाज वर चढवलाच नाही. घोगरा, एवढाच एक शब्द मनात धरला आणि गळा सैल सोडला. आधी नुसती खरखर आली. मग तिच्यात एक मुलगा बोलायला लागला. अठरा वर्षांचा, घसा बसल्यासारखा, थोडा चेष्टेखोर. रेकॉर्डिस्टने झटकन मान वर केली आणि आत दुसरं कोण आलंय ते पाहिलं. तीही भ्यायली होती, पण थांबली नाही. हा आवाज आजवर कुणी ऐकलेला नव्हता. भाऊ त्या वयापर्यंत पोचलाच नव्हता. तरी तिने तो ओळखला. पुस्तकातला मुलगा शेवटी दारात वळून म्हणतो, "येतो." तेवढं वाचून ती उठली. दिग्दर्शिकेने पुन्हा घेऊ या म्हटलं नाही.

मिसरुडापासूनचे अध्यायही तिने त्याच घोगऱ्या आवाजात पुन्हा वाचले, आणि पुस्तक तयार झाल्यावर आईला फोनवर लावून दिलं. मांजर पिशवीत शिरलं तेव्हा आई लेकीकडे बघून खुदकन हसली. शेवटच्या अध्यायाला तिचं हसू थांबलं.

"येतो," फोनमधला घोगरा आवाज म्हणाला.

आई खुर्चीच्या हाताला धरून उभी राहिली, आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "ये बाळा. सांभाळून जा."