एरंडेलाच्या पोटी पीच

मी एक जुना, तपकिरी बाटलीत राहणारा पीचचा वास आहे. मित्रांनो, माझ्यात पीच औषधालाही नाही. मी कारखान्यात जन्मलो, तोही एरंडेलापासून. कागदोपत्री मला 'अल्डिहाइड चौदा' म्हणतात. खरं तर मी अल्डिहाइड नाही, आणि चौदाशीही माझा संबंध नाही. बारशालाच चूक झाली, ती कुणी सुधारली नाही.

कोरियातल्या छंगजू शहरात, एका लहानशा क्रीमच्या कारखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथल्या रसायनतज्ज्ञ ब्योन सोहवा मला थेंबाथेंबानं वापरत. मालक खू साहेब मात्र पाहुणे आले की मला कपाटात लपवत.

एका उन्हाळ्यात जोछिवन गावच्या बागवाल्या बायकांनी चाळीस पेट्या पीच पाठवले. त्यांचं हाताला लावायचं क्रीम करायचं होतं. पसंत पडलं, तर दरवर्षीची फळं आम्हाला मिळणार होती. सोहवांनी फळं उकळली, गाळली, अर्क काढला. वास आला उकडलेल्या मुळ्याचा!

"उद्या गावात दाखवायचंय. घाला ते चौदा!" खू साहेब नाक दाबून ओरडले. सोहवांनी नाखुशीनं मला घातलं.

दुसऱ्या दिवशी गावच्या सभागृहात बायकांच्या प्रमुख मेंग ओकबुन आजींनी क्रीम हाताला चोळलं, हुंगलं आणि डोळे मिटले.

"अगं बाई, हे तर माझ्या सासूच्या झाडाचं! वादळात पडलं ते."

"तुमच्या सासूचं कसलं? आमच्या विहिरीजवळचं आहे हे!" शेजारीण म्हणाली.

"तुमची फळं आंबटढाण!"

दोघींची चांगलीच जुंपली. मी फुशारून गेलो. खू साहेब पुढे सरसावले, "शंभर टक्के तुमच्याच फळांचा वास!"

आजी हात नाकाशी धरून बसल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. ते सोहवांना बघवेना. त्या उठून म्हणाल्या, "आजी, फळं तुमचीच आहेत, पण वास त्यांचा नाही. तो मी बाटलीतून घातलाय."

खू साहेबांनी घाईघाईनं सोहवांची बाही ओढली.

"आण ती बाटली." सोहवांनी पिशवीतून मला काढलं, तसं आजींनी थेट आत नाक खुपसलं. पातळ न केलेला मी म्हणजे नुसता तेलकट भपकारा. आजी सात वेळा शिंकल्या.

"कशाचा केलाय मेला?"

"एरंडेलाचा."

"चाळीस वर्षं नवऱ्याला एरंडेल पाजलं," आजी म्हणाल्या, "असा सुवास कधी सुटला नाही!"

सभागृह हसून लोटपोट झालं. आजी मात्र खू साहेबांकडे वळल्या. "डबीवर लिहा, फळं आमची, वास कारखान्याचा. नाहीतर आमच्या चाळीस पेट्या परत करा."

उकळलेली फळं परत कशी करणार? खू साहेबांनी मान डोलावली.

निघताना आजींनी एक डबी हळूच खिशात टाकली. "खोटा का असेना," त्या सोहवांच्या कानात म्हणाल्या, "सासूबाई क्षणभर येऊन बसल्या गं."

मित्रांनो, माझी विनंती साधी आहे. माझं झाकण घट्ट लावा, मला उन्हात ठेवू नका. आणि मी कोण, असं कुणी विचारलं तर खरं सांगा. मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.