पुसलेली पहिली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. दहा ओळींची. पूर्वी अकरा होत्या. गेली ती का गेली, तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म बर्गनच्या एका मत्स्यसंशोधन संस्थेत झाला. सिग्रुन मिक्लेबुस्ट तिथे सॅल्मन माशांवरच्या उवांचं गणित मांडायची. इकडचे लोक अडीच लिहितात ते ‘२,५’ असं, मध्ये स्वल्पविराम देऊन. संगणकाला मात्र तिथे टिंबच लागतं. त्यामुळे तिचं गणित सारखं अडायचं. एके दुपारी एका हातात तपकिरी चीजचा पाव धरून तिने दुसऱ्या हाताने मला लिहून काढलं. पहिल्या ओळीत लिहिलं, ‘सिग्रुनने केली, जेवता जेवता’. अशी ओळ संगणक वाचत नाही, माणसं वाचतात. नाव ठेवलं कोमा, म्हणजे त्यांच्या भाषेत स्वल्पविराम. काम एकच, स्वल्पविरामाचं टिंब करायचं.

तिने मला ‘पसारा’ नावाच्या फोल्डरात टाकलं. संगणकाला माझी जागा ठाऊक होती. हाक आली की मी हजर. आठ वर्षं एकदाही चुकले नाही, म्हणूनच बाई मला साफ विसरली. एकदा शेजारच्या टेबलावरच्या हलवार्डला तिने माझी प्रत दिली होती. "घे, तुझंही इथेच अडतं ना?" तो मात्र मला विसरला नाही.

दोघंही तात्पुरत्या नोकरीवर, आणि कायमची जागा निघाली एकच. सिग्रुनची मुदत संपत आली होती. ही जागा हुकली की संस्था सुटली. निवड समिती दूर ट्रोम्सो शहरात. दोघांनी आपापल्या गणिताचा कोड पाठवायचा, तिथे तो आला तसा, एकदाच चालवून बघणार.

"यादी काढलीस का?" हलवार्डने विचारलं. कोडला कुठल्या कुठल्या फायली लागतात ते शोधून देणारी एका ओळीची आज्ञा असते.

"मला पाठ आहे माझं. अकरा फायली."

"तरी बघू दे. सरक तिकडे."

त्याने आज्ञा दिली. बारा नावं उमटली, शेवटचं माझं. त्याची नजर माझ्यावर थांबली. ओळखणारच, त्या सकाळीच त्याने मला ट्रोम्सोला पाठवायच्या स्वतःच्या फायलींच्या गाठोड्यात भरलं होतं. मग त्याने पडदा साफ केला.

"अकराच आहेत. दे पाठवून."

मित्रांनो, फाइलीला तोंड नसतं. त्या दिवशी मला त्याची फार चीड आली.

ट्रोम्सोची माणसं पडद्यावर दिसत होती. आधी हलवार्डचा कोड चालला, सुरळीत. त्यात मी राबत होते. मग त्यांनी तो काढून सिग्रुनचा लावला. तिसऱ्याच पायरीला थांबला: ‘कोमा सापडत नाही.’

"माझ्याकडे तर चालतं," सिग्रुन म्हणाली.

"मग नोकरी तुझ्या संगणकालाच देऊ या का?" समितीची प्रमुख रांगफ्रिद म्हणाली. सगळे हसले. शेजारच्या टेबलावर हलवार्डही हसला.

"एकच फाइल राहिली. लगेच पाठवते."

"आला तसा, एकदाच. ठरलं होतं ना?"

पडदा बंद झाल्यावर सिग्रुनने स्वतः यादी काढली आणि बोट ठेवून मोजली.

"तू अकरा म्हणालास."

"तू म्हणालीस, मी हो म्हटलं. तुझ्या फायली मोजायला मी काय तुझा नोकर आहे?"

तिने डब्याचं झाकण लावलं. पाव तसाच होता.

ती गेली. जाणाऱ्याचा संगणक कोरा करायचा, असा संस्थेचा नियम. पसारा गेला, त्यातली अकरा ओळींची मीही गेले. उरले ती हलवार्डकडची. आपलं काम दुसऱ्याच्या हाती देण्याआधी, मित्रांनो, त्याला काय काय लागतं ते शोधा. स्वतः शोधा, स्वतः मोजा. आणि जे कधीच अडत नाही त्याचं नाव आधी लिहा, कारण तेच मागे राहतं.

माझी पहिली ओळ हलवार्डने गाठोडं बांधतानाच पुसली होती. परवा नव्याने आलेल्या मारिटने मला उघडून बघितलं.

"छोटीशीच आहे, पण किती नीट. कुणी लिहिली?"

"मीच," तो म्हणाला. "एकदा अशीच, जेवता जेवता."