चाकापाशी वाकलेली जाऊ

घरात त्या दोघींना नावानं कुणी हाक मारत नसे. थोरल्या भावाची बायको ती मोठी आणि धाकट्याची ती धाकटी. मोठी विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या गाड्यांची पाहणी करायची. मालक म्हणायचा, गाडी झाडावर आपटली. मोठी वाकून दाराचा पत्रा बघायची, नखानं रंग खरवडायची आणि विचारायची, झाडाला पिवळा रंग कुणी दिला होता? वीस वर्षं हेच केल्यावर माणसाची नजरच तशी होते. तिचा नवरा गमतीनं सांगायचा, हिला फुलं आणून दिली तर ही आधी विचारते, घरात काय फुटलं?

गुडघे धरायला लागले म्हणून चाळिशीनंतर ती पोहायला लागली, आणि पोहता पोहता या शर्यतीच्या नादी लागली. तळ्यात दोन किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसून नव्वद किलोमीटर कापायचे आणि उतरलं की एकवीस धावायचे. दोनदा तिनं ती पूर्ण केली होती. घरात हे वेड तिचं एकटीचं होतं, आणि एकटीचं होतं हेच तिला आवडायचं.

तिसऱ्या वर्षी, शर्यतीला आठवडा असताना, स्पर्धकांच्या यादीत तिला धाकटीचं नाव दिसलं.

धाकटी शिलाईचं दुकान चालवायची. दिवसभर मशिनवर बसलेली बाई, ती कधी पोहली? मोठीनं फोन करून विचारलं, तर म्हणाली, "ताई, मी सांगणारच होते." सांगणारच होते असं म्हणणारा माणूस सांगणार नव्हता, हे मोठीला दावे तपासून तपासून पाठ झालं होतं. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. दुपारी दुकानात गेलं की धाकटीचे केस ओले असायचे. भाचीसाठी म्हणून तिनं पोहण्याच्या चष्म्याची चौकशी केली होती. सायकलवर असताना तुम्ही खाता काय, हेही सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं, आणि तेसुद्धा आठ-नऊ महिने. कशासाठी? मोठीला एकच उत्तर सुचलं. आपल्याला हरवायचं, आणि तेही सगळ्या घरासमोर.

नवऱ्याला मात्र त्यात काहीच दिसलं नाही. धाकटा भाऊ कामासाठी परगावी गेला होता, म्हणून त्यानं दोघींना आणि दोघींच्या सायकलींना एकाच गाडीतून नेलं. तीन तासांच्या वाटेत मोठी खिडकीबाहेर बघत बसली. सायकली आदल्या संध्याकाळीच तळ्याकाठच्या आवारात लावून द्यायच्या होत्या. तिथं स्पर्धकांखेरीज कुणाला सोडत नसत.

सकाळी उजाडताना मोठी सायकल तपासायला आवारात गेली, तर धाकटी त्याच सायकलीच्या मागच्या चाकापाशी वाकलेली. धाकटीची स्वतःची सायकल पार दुसऱ्या टोकाला होती. पावलं ऐकून ती दचकून उभी राहिली.

"टोपी पडली होती," ती म्हणाली.

टोपी तिच्या डोक्यावर होती. मोठीनं टोपीकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं आणि ती जाईपर्यंत पाठीकडे बघत राहिली. तेवढ्यात बायकांनी पाण्याकडे यावं म्हणून पुकारा झाला. चाक दाबून बघायचं राहूनच गेलं.

पाणी थंडगार होतं. मोठी चांगली पोहायची. तळ्यातल्या नारिंगी फुग्यांना वळसे घालून ती बाहेर आली तेव्हा मागं बऱ्याच टोप्या अजून पाण्यात होत्या. धाकटी त्यांतच असणार. ती धावत सायकलीपाशी आली, हेल्मेट घातलं, सायकल आकड्यावरून काढली आणि मागचं चाक भाकरीच्या पिठासारखं जमिनीवर बसलं. पुढचंही तसंच. टायरला खिळा नाही, काच नाही, चीर नाही. हवा कुणीतरी हातानं काढलेली होती. अशी गाडी कामावर बघितली असती तर अहवाल लिहायला तिला पाच ओळी पुरल्या असत्या.

जवळ होता तो वीतभर लांबीचा हातपंप. गुडघे टेकून, मान खाली घालून ती हवा भरत राहिली. आजूबाजूनं ओले पाय धावत गेले. दोन्ही चाकं टणक व्हायला अकरा मिनिटं लागली. मग नव्वद किलोमीटर ती रागावरच चालवत राहिली. तळ्याला आणि पलीकडच्या टेकडीला वळसा घालून तीन फेऱ्या होत्या. चढावर दम लागला की तिला ती टोपी आठवायची आणि पाय पुन्हा फिरायचे. मधे पुलापाशी एक कच्चा रस्ता टेकडी टाळून थेट पलीकडे निघत होता. तिथं पंच नव्हता. मोठीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

धावणं तळ्याकाठच्या रस्त्यावर होतं. त्याच्याही तीन फेऱ्या. लांबच्या टोकाला वळलं की मनगटात एक रबरी कडं घालत. मोठी पहिल्याच फेरीत, टोकाच्या अलीकडे होती आणि समोरून धाकटी आली. तिच्या मनगटात लाल कडं होतं.

म्हणजे ती पुढं होती! मोठीच्या डोक्यात हिशोब सुरू झाला. पाण्यातून आपण आधी निघालो. सायकलवर ही आपल्या शेजारून गेलेली आपण पाहिली नाही. मग पुढं आली कुठून? एकमेकींना ओलांडताना मोठीनं तिला गाडी तपासावी तशी तपासलं. केस नीट बांधलेले, बूट स्वच्छ, चेहऱ्यावर घामाचं मीठ नाही. नव्वद किलोमीटर केलेली बाई अशी दिसत नाही. धाकटीनं हात वर केला आणि म्हणाली, "ताई, छान चाललंय." मोठीनं तिच्या छातीवरचा नंबर वाचून ठेवला, दोनशे चौदा.

पाण्याच्या टेबलापाशी गळ्यात शिट्टी अडकवलेली एक पंचबाई बसली होती. मोठी थांबली. दोनशे चौदा नंबरनं पुलाजवळच्या कच्च्या रस्त्यानं सायकलीचं अंतर वाचवलंय असा माझा संशय आहे, तिनं सांगितलं. तुम्ही पाहिलंत का, पंचबाईनं विचारलं. पाहिलं नाही, पण दुसरं काही शक्यच नाही, असं मोठी म्हणाली. पंचबाईनं नंबर आणि वेळ लिहून घेतली.

पुढच्या फेरीत मोठीला ते दृश्य दिसलं. टोकाहून परतताना अडवलेली धाकटी टेबलापाशी कमरेवर हात ठेवून उभी होती, पंचबाई वायरलेसवर कुणाशी तरी बोलत होती. धावणारे दोघींना वळसा घालून पुढं जात होते. खरं सांगायचं तर मोठीच्या पायांत त्या क्षणी बळ आलं. शेवटचे सात किलोमीटर ती त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं धावली.

तरीही ती पोचली तेव्हा धाकटी आधीच पोचलेली होती आणि तंबूच्या सावलीत पाय लांब करून बसली होती. मोठीचा नवरा दोघींसाठी पाणी घेऊन आला. त्याला कुणाला काय विचारावं हे कधीच कळत नसे, म्हणून त्यानं मोठीला विचारलं, सकाळी हवा भरायला वेळ मिळाला ना?

मोठीनं बाटली तोंडाजवळून खाली घेतली. "कसली हवा?"

काल उन्हात सायकली गाडीच्या टपावर होत्या, तो सांगू लागला. नाव नोंदवायला मोठी रांगेत गेली तेव्हा सायकलींच्या दुकानातला माणूस त्याला म्हणाला होता, तापलेले टायर फुटतात, थोडी हवा सोडा. त्यानं सोडली. थोडी म्हणजे किती हे त्याला नक्की माहीत नव्हतं, आणि झडपा पुन्हा नीट आवळल्या का हेही नाही; उरलेली हवा रात्रभरात निघून गेली असणार. धाकटीच्या सायकलीला त्यानं हात लावला नाही, दुसऱ्याची वस्तू. रात्री जेवताना सांगायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं.

मोठीनं बाटली खाली ठेवली. मग धाकटीकडे वळली. "तू वाकून काय बघत होतीस?"

"चाकंच," धाकटी म्हणाली. "जाता जाता दिसलं, खाली बसलीयेत म्हणून."

"मग सांगितलं का नाहीस?"

धाकटीनं बुटाची नाडी सोडायला घेतली. "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, हवा मीच काढली."

मोठी खरोखर तेच म्हणाली असती. धाकटी आता बोलत राहिली. पाण्यातून आली तेव्हा मोठी पंप मारत बसलेली तिला दिसली होती. थांबून मदत करावी असं वाटलं, पण तेही उलटंच लागलं असतं, म्हणून ती पुढं निघून गेली. शर्यतीचं आधी न सांगण्याचं कारणही तेच. मग तिनं सुस्कारा सोडला आणि म्हणाली, धावताना कुणीतरी तक्रार केली, पंचांनी सहा मिनिटं उभं करून ठेवलं. पायाला बांधलेल्या, वाटेत जागोजागी वेळ नोंदणाऱ्या चिपनं सगळ्या फेऱ्या बरोबर दाखवल्या, पण तेवढ्यात दोन बायका पुढं गेल्या. नाहीतर ती वयोगटात तिसरी आली असती. हिरव्या टोपीच्या बाईचंच ते काम असणार, ती पाण्यातही पाय ओढत होती.

गप्प बसलं असतं तर गोष्ट हिरव्या टोपीवर जाऊन मिटली असती. मोठीच्या मनात ते आलंही.

"तक्रार मी केली," ती म्हणाली.

नवरा बाटलीचं झाकण लावायला लागला, मग पुन्हा काढायला लागला. धाकटीनं मान वर केली नाही. दुसऱ्या बुटाची नाडी तिनं सावकाश सोडली, मोजे काढून बुटांत कोंबले आणि अनवाणी पायांनी तळ्याकडे चालू लागली. मोठी मागं गेली नाही.

ती पंचबाईकडे गेली. वेळ परत देता येते का, तिनं विचारलं. येते, पंचबाई म्हणाली, पण तक्रार करणाऱ्यानं लेखी द्यावं लागतं की ती निराधार होती, आणि तो कागद निकालाशेजारी फलकावर लागतो, नावासकट. वर तुमची दहा मिनिटंही वाढतात. मोठीनं पेन मागितलं. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांचे दावे निराधार म्हणून लिहिले होते. स्वतःचा लिहायला तीन ओळी लागल्या. फलकावर कागद लागला तेव्हा चार-पाच माणसं वाचायला जमली. त्यांतल्या एकीच्या हातात हिरवी टोपी होती. मोठी तिथंच उभी राहिली.

दुपारी बक्षिसं दिली. धाकटी तिसऱ्या पायरीवर उभी राहिली तेव्हा मोठीचा नवरा सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवत होता. मोठीनंही वाजवल्या, तिचे हात दुखत होते तरी. पदक घालून धाकटी खाली उतरली, फलकापाशी थांबली, कागद वाचला, पुन्हा एकदा वाचला. मग लंगडत दोघांजवळ आली.

"माझे पाय गेलेत," ती म्हणाली. "गाडीत पुढं मी बसणार."

मोठी मागं बसली, ओल्या कपड्यांच्या पिशव्यांत गुडघे आखडून. पुढच्या सीटवर धाकटी डोळे मिटून पडली होती. ती झोपली होती, की झोपेचं सोंग घेत होती, की मनातल्या मनात काही जुळवत होती, हे मोठी बऱ्याच वळणांपर्यंत तिच्या श्वासावरून ताडायचा प्रयत्न करत राहिली, आणि मग तिचाच डोळा लागला.