कावळा ठेव, बोलणं काप

कौसल्याआजीच्या दहाव्याला सांगवीच्या घाटावर कावळा काही शिवेना. पानावर भाताचा पिंड, बाभळीवर कावळ्यांची रांग, आणि खाली हात जोडलेली माणसं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी नात सोनल मोबाईलवर सगळं टिपत होती.

तिचा भाऊ राजवर्धन म्हणाला, "आजे, तुझा मोठा फोटो हॉलमधी लावतो."

कावळ्यांनी नुसत्या माना वाकड्या केल्या. कुणी गावजेवण कबूल केलं, कुणी देवळाला घंटा. पिंड तसाच.

शेवटी सोनलचे वडील, इंद्रजितआप्पा, पिंडाजवळ वाकले आणि हळूच बोलले. लोकांना नुसते ओठ हलताना दिसले. शेजारी बसलेल्या नकोशीआत्यानं ऐकलं, आणि मोबाईलनं.

"आये, नकोशी तुझ्याच खोलीत ऱ्हाईल. मी हाय तवर तिला कोन उठ म्हननार न्हाय."

बोल पुरा होतो न होतो तोच काळे पंख खाली उतरले. कावळा पिंडाला शिवला. नवऱ्यानं टाकलेली, आईची उस्तवार करता करता पिकून गेलेली आत्या पदरात तोंड घालून रडली.

आता महिना झाला होता. आजीच्या खोलीला राजवर्धनच्या लग्नासाठी गुलाबी रंग लागत होता, आणि आत्याची खाट पत्र्याच्या शेडात, खताच्या पोत्यांना टेकून पडली होती.

"सोने, त्यो व्हिडिओ टाक की ग्रुपवर," आप्पा म्हणाले. "समदी इचारत्यात, काय कबूल केलं तवा कावळा आला. पन तेवढं माझं बोलनं काप. तितं राज्याचं फोटोचं बोलनं जोड. कावळा तेवढा ठेव."

"आप्पा, आजीला शब्द दिलाय तुमी."

"मेलेल्या मानसाला खोली लागती व्हय? भिगवणच्या पाखरांचं एवढं झाक व्हिडिओ बनवतीस, हे काय जड हाय तुला?"

जड नव्हतंच. हौसेपायी शिकलेली कला. सोनलनं लॅपटॉप उघडला. मोबाईल नवा, चित्र काचेसारखं लख्ख. मोठं करून बघितलं तर आप्पांच्या ओठाच्या कोपऱ्यात तंबाखूची तपकिरी लाळ, पिंडावर माशी, आणि त्याच तोंडातून आईला दिलेला शब्द. सोनलनं चित्र पुन्हा लहान केलं.

तरी तिनं कापलं. राजवर्धनचं बोलणं उचलून कावळ्याच्या आधी चिकटवलं. सांधा दिसेना. आजी आयुष्यभर फोटोसाठीच आसुसली होती, असंच वाटावं. इतकं सफाईदार खोटं आपल्या बोटांतून उतरलेलं बघून तिला स्वतःच्या बोटांचीही किळस आली. उठून तिनं साबणानं हात धुतले.

मोरीच्या खिडकीतून शेड दिसत होतं. आत्या लसूण सोलता सोलता गुणगुणत होती:

काळ्या कावळ्या रे, नको करू कावकाव
माहेराच्या उंबऱ्याला लिवलं बंधुजीचं नाव

सोनल परत बसली. जोडलेलं सगळं पुसलं आणि पुन्हा कापायला घेतलं.

संध्याकाळी आप्पांनी टीव्हीवर बघितलं. घाट आला, पिंड आला, फोटो, गावजेवण, घंटा आली. मग पिंड. नुसता पिंड. त्यावर माशी फिरतेय, बाभळीवर कावळे बसलेत. संपलं.

"आगं, कावळा कुठंय?"

"तुमचं बोलणं कापलं. त्यो त्याच्याच मागनं आला व्हता, त्योबी गेला."

"येडी का खुळी तू? समद्यांनी बघितलाय कावळा! का कापला म्हनून इचारतील की!"

"मग सांगा की का ते."

आप्पा रागानं लाल झाले. रंगाऱ्याच्या डब्याकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं. थांबलेल्या चित्रात पिंडावरची माशी तशीच होती.

"बोलनं, कावळा, दोन्ही ठेव," शेवटी ते पुटपुटले. "ग्रुपवर नाचक्की नको. राज्या, आत्याची खाट आत घे."

आईची आठवण नाही, बहिणीची कणव नाही. ग्रुपची भीती. सोनलनं मान फिरवली. त्या तोंडाकडं तिला बघवेना. राजवर्धननं कुरकुरत खाट ओढत आणली. मागून उशी घेऊन आत्या आली, ओल्या गुलाबी भिंतीला पदर लागू नये म्हणून अंग चोरत.

"इंद्रा," ती म्हणाली, "तोंड धू बाबा. तंबाखू लागलीया."