नाजियाच्या टर्बोचं अ‍ॅव्हरेज

माझ्या डोक्यावर एक केस नाही, हे आष्टीत कुणालाही विचारा. तरी गेल्या हिवाळ्यात, पाटोद्याच्या पुढच्या रस्त्यावर, माझे केस उभे राहिले आणि त्यांनी पटका उचलून मोटारीच्या छताला टेकवला. खोटं वाटत असेल तर दिलावरला विचारा, तो माझ्या पुढच्याच सीटवर होता. त्यानं पाहिलं मात्र नसेल, कारण तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते.

दिलावर माझा शेजारी. मी शेरडं वळायचो, तो माणसं. पस्तीस वर्षं त्यानं आष्टी-बीड काळी-पिवळी जीप चालवली. आत चौदा, टपावर सहा आणि मागच्या पायरीवर लोंबतील तेवढे. आता गुडघे गेले म्हणून घरी बसतो. त्याची मुलगी नाजिया नर्स आहे. तिचं उपकेंद्र तीस किलोमीटर आत, तिकडं दिवसाला एक एसटी, आणि तीही तिच्या मनात आलं तर. दोन वर्षं पोरीनं फाट्यावर उभं राहून काढली आणि मग एक बुटकी लाल मोटार घेतली. जुनीच, पण टर्बो.

टर्बो म्हणजे काय हे मला दिलावरनंच सांगितलं. "हे बघ आश्रुबा, इंजिनातून धूर निघतो ना, त्या धुरावर एक पंखा फिरतो आन् त्यो इंजिनात हवा कोंबतो. पंखा निवांत हाय तवर गाडी शेळी. पंखा फिरला की वळू."

"मग शेळीच का घेतली न्हाई?"

"तेच तर म्हणतोय मी."

पहिल्या दिवशी नाजियानं बापाला त्या गाडीत बसवून कडा गावापर्यंत फिरवून आणलं. परत आला तेव्हा दिलावर चुन्यासारखा पांढरा होता. पण बोलला काय? म्हणाला, "अकरा देते. लिटरला अकरा. माझी जीप बकऱ्या-माणसांसकट बारा द्यायची. ही पाव्हणी आपल्याला परवडायची न्हाई, काढून टाक."

"अब्बा, मी दाबते म्हणून अकरा," नाजिया म्हणाली. "दमानं चालवली तर अठरा देईल."

"अठरा दिली तर ठेव. न्हाई दिली तर बीडला राधाकिशनच्या हातात किल्ली."

राधाकिशन म्हणजे बीडचा जुन्या गाड्यांचा दलाल. किल्ली गेली तर परत फाटा, परत ती एसटी, हे नाजियाला दिसत होतं. मग म्हणाली, "चालेल. आष्टी ते बीड. टाकी फुल्ल करून."

साक्षीदार म्हणून मला घेतलं. कारण दिलावरनं चारचौघांत सांगितलं, "आश्रुबाला गाडीतलं ढेकळं कळत न्हाई. त्यो खरं सांगंल." माझ्याबद्दल इतका गैरसमज आजवर कुणी करून घेतला नव्हता.

आता टाकी फुल्ल करणं हे आमच्याकडं साधं काम नाही. पंपाची नळी आपोआप थांबली की शहाणी माणसं पुढं जातात. आमची माणसं गाडीला दोन्ही बाजूंनी धरून हलवतात, म्हणजे आतली हवा वर येते आणि अजून पेट्रोल मावतं. मी एका अंगाला, दिलावर दुसऱ्या अंगाला. इतकी हलवली की पंपावरच्या पोरी म्हणाल्या, "मामा, ताक घुसळताय का?" पेट्रोल तोंडाशी आलं तेव्हा झाकण लावलं, किलोमीटरचा आकडा शून्य केला आणि निघालो.

पहिला तासभर मला भीती वाटली ती झोप लागण्याची. नाजियानं एसी बंद ठेवला. काचा वर, कारण उघड्या काचेतून वारा गाडीला धरतो म्हणे. पाचवा गिअर आणि वेग चाळीस. जामखेडच्या अलीकडं एक दूधवाला सायकलवरून आम्हाला मागं टाकून गेला. जाताना काचेवर टकटक करून त्यानं विचारलं, "ढकलू का?"

सौताड्याची चढण तिनं अशी चढवली की जणू मागच्या सीटवर अंडी ठेवलीत. समोरच्या पडद्यावर अ‍ॅव्हरेजचा आकडा दिसत होता. चढणीला सोळा, वर आल्यावर सतरा, पाटोदा गेलं तेव्हा अठरा पॉइंट दोन. नाजियाच्या ओठावर हसू आलं. दिलावर खिडकीतून बाहेर बघत होता. त्याचे दोन्ही पाय मात्र खालच्या मॅटवर रोवलेले होते. सबंध रस्ताभर तो नसलेला ब्रेक दाबत होता.

मग ऊस आला. एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर इतका ऊस की वरचा शेंडा ढगाला घासत होता. नाजियानं इंडिकेटर दिला, गाडी उजवीकडं काढली आणि पाय दाबला. गिअर पाचवाच ठेवला, आकडा पडू नये म्हणून.

गाडी पळाली नाही. पाय दाबलेला, इंजिन घुरघुरतंय, आणि आम्ही पहिल्या ट्रॉलीच्या बाजूला ट्रॉलीच्याच चालीनं चाललोय. पंखा अजून निवांत होता. तेवढ्यात समोरून टेम्पो आला.

"नाजिया," दिलावर म्हणाला. अगदी हळू.

लोक सांगतात, ते सगळं तीन सेकंदांत झालं. माझ्या हिशेबानं त्या तीन सेकंदांत मी मेलो, मला नेलं, दहावा झाला, तेराव्याच्या पंगतीत बसून मी स्वतः जेवलो, आणि वरण पातळ होतं. टेम्पोवाल्याच्या मिशीतला पांढरा केस मला दिसला. माझा पटका छताला टेकला तो याच वेळी. डावीकडं उसाची भिंत, समोर टेम्पो, आणि तोंडात जीभ सापडेना. नाजियानं एक झटका देऊन गिअर पाचव्यावरून तिसऱ्यावर ओढला. इंजिन किंचाळलं, पंखा फिरला, वळू उठला. पाठ सीटला चिकटली आणि गाडी टेम्पोच्या नाकाखालून अशी डावीकडं शिरली की ट्रॅक्टरवाल्याच्या हातातली तंबाखू उडून माझ्या काचेला चिकटली.

पडद्यावर सतरा पॉइंट एक.

"गेलं," नाजिया पुटपुटली. "आता घाटातच काय भरून निघंल ते निघंल."

मांजरसुंब्याच्या पुढं रस्ता बालाघाटावरून खाली बीडकडं उतरतो. वळणं, एका अंगाला दगड, दुसऱ्या अंगाला मोकळी हवा. दिलावर हा घाट जीपनं हजारदा उतरला होता. आणि दर वेळी, माथ्यावरचं पहिलं वळण आलं की, तो इंजिन बंद करायचा. डिझेल वाचवायचं म्हणून आमच्या भागातले सगळे जीपवाले तेच करायचे. उतार आहे, गाडी आपल्या वजनानं जाते. जीपचं स्टेअरिंग तसंही रेड्याच्या मानेसारखं जड, आणि ब्रेक दोन्ही पायांनी दाबायचा. तिला इंजिन चालू काय, बंद काय, सारखंच.

पहिलं वळण आलं. दिलावर समोर बघत होता, चेहऱ्यावर काही नाही. आणि त्याचा उजवा हात मांडीवरून उठला, स्टेअरिंगच्या मागं गेला, आणि त्यानं किल्ली फिरवली.

मी पाहिलं. शपथेवर सांगतो, तो हात दिलावरच्या नकळत गेला. इंजिनाचा आवाज थांबला. त्या जागी टायरांचा आवाज आला, आणि वाऱ्याचा, आणि माझ्या छातीचा.

"अब्बा, काय केलं?"

दिलावरनं स्वतःच्या हाताकडं असं पाहिलं जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

नाजियानं क्लचसकट ब्रेक दाबला. लागला. पुढच्या वळणाला परत दाबला. थोडा लागला. तिसऱ्यांदा पाय ठेवला तर पेडल लाकडासारखं कडक. या नव्या गाड्यांचे ब्रेक इंजिनाच्या जोरावर चालतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की नाजिया सीटवरून अर्धी उठून पेडलवर उभी आहे आणि गाडी तरी पळतेच आहे. स्टेअरिंगही दगड झालेलं. ती दोन्ही हातांनी ते ओढत होती, आणि गाडी वळायची ती उशिरा, जशी म्हातारी म्हैस वळते.

"किल्ली काढू नका," ती ओरडली. "अब्बा, हात काढा, किल्लीला लावू नका. काढली तर स्टेअरिंग जाम होईल."

दिलावरनं दोन्ही हात वर केले, पोलिसासमोर करतात तसे.

माझ्या बाजूला दरी होती. मी खाली पाहिलं आणि लगेच ठरवलं की पाहायचं नाही. पण मान वळेना. दरीतल्या एका बाभळीवर कावळा बसला होता. तो माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं. पुढच्या वळणाला पुढं चाललेल्या एका कंटेनर ट्रकचा मागचा लाल दिवा दिसला. जवळ येत होता. दिलावर काहीतरी म्हणत होता. आधी मला वाटलं, दुवा मागतोय. मग ऐकू आलं.

"तिसरा टाक. किल्ली फिरव. क्लच सोड. तिसरा टाक बेटा."

नाजियाचा एक हात स्टेअरिंगवरून सुटला. किल्ली फिरली. गिअर तिसरा. क्लच सोडला.

गाडीनं असा हिसका दिला की माझे दात पुढच्या सीटला लागले. इंजिन धडधडून चालू झालं. नाजियानं परत ब्रेक दाबला, आणि तो लोण्यासारखा आत गेला. कंटेनरच्या मागं आम्ही थांबलो तेव्हा मध्ये एवढीच जागा होती की मी हात बाहेर काढून त्याची पाटी पुसली असती.

तिनं गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. कुणी उतरलं नाही, कारण उतरायला पाय लागतात.

"हात माझा न्हाई," दिलावर म्हणाला. "पस्तीस वर्षांचा हाय त्यो."

बीडच्या पंपावर राधाकिशन पान चघळत उभा होता. टाकीत नळी लावली. थांबली. आष्टीत हलवून भरलं होतं, म्हणून इथंही हलवून भरायचं ठरलं होतं. पण हलवायची गरजच पडली नाही. मी आणि दिलावर गाडीला टेकून उभे होतो, आणि आमच्या थरथरीनं ती आपोआप अशी हालत होती की पेट्रोल गटागट खाली जात होतं. पाच लिटर वीसला तोंडाशी आलं. किलोमीटर एक्क्याण्णव.

पंपावरच्या माणसानं मोबाइलवर भागाकार केला. "साडेसतरा."

नाजियानं किल्ली काढली आणि राधाकिशनसमोर धरली. तिचे डोळे मात्र पंपापलीकडं होते, जिथं एसटीची वाट बघत चार बायका उभ्या होत्या.

राधाकिशननं हात पुढं केला. मध्ये दिलावर आला.

"बाजूला व्हा की दिलावरभाई. शब्द अठराचा हाय."

"कशाचा अठरा बे. मला अकराचं दुखणं न्हाई आन् अठराचंबी न्हाई. पहिल्या दिवशी ह्या गाडीत बसलो तवापास्नं पोर ड्युटीवर गेली की मी दारात बसतो, येईस्तोवर पाणी पीत न्हाई. भ्यालो म्हणायची लाज वाटली, म्हणून अ‍ॅव्हरेज काढलं."

"मग भ्याताय तर विका."

"आज घाटात मारत होतं कोण? गाडी का मी?" दिलावरनं नाजियाची मूठ धरून किल्लीवर मिटवली. "पोरीनं वाचवलं. जा, पान खा दुसरीकडं."

नाजिया म्हणाली, "अब्बा, पण भीती तर जाणार न्हाई तुमची."

"न्हाई जाणार. माझी मी सांभाळीन ती."

परतीला त्यानं पुढं बसायला साफ नकार दिला. तो मागं बसला, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून, आणि मला पुढं ढकललं. चढणीला तिनं गाडी मोकळी सोडली, पडद्याकडं कुणी बघितलं नाही. थोडा उतार आला की मागून आवाज यायचा, "नाजिया, चालू हाय ना?"

"चालू हाय अब्बा."

आष्टीपर्यंत एक्केचाळीस वेळा विचारलं, मी मोजलं. शेवटी दारात गाडी लागली, नाजिया मिनिटभर थांबली आणि तिनं इंजिन बंद केलं. तसा दिलावर मागच्या मागं दचकून उठला, त्याचं डोकं छताला आपटलं, आणि उभ्या गाडीत तो म्हणाला, "तिसरा टाक बेटा."